न विचारता आत शिरण्याचा अधिकार

मुरबाड तालुक्यात कुणाच्याही घरात न विचारता शिरू शकणारे तिघेच होते. वारा, मांजर आणि मी. त्यातही वाऱ्याला फट लागते आणि मांजराला लोक हाकलतात. मला हाकलायची कुणाची छाती नव्हती, कारण माझ्या खिशात सरकारी सहीशिक्क्याचा कागद होता!

फुशारकी मारतो म्हणाल. मारतोच. तुमच्यापैकी कितीजणांना सरकारनं सांगितलंय, की बाबा रे, तू कुठंही शिर, कुणी अडवलं तर आम्ही बघून घेऊ? नाही ना? मग ऐका.

साल अडतीस. भाताच्या कापण्या आटोपल्या आणि शहापूरच्या अंगानं गुरांत बुळकांडी शिरली. वाईट रोग. जनावराच्या डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, शेण पाण्यासारखं, आणि बघता बघता उभा बैल आडवा. पौषात म्हशाची जत्रा, तिथं बैलांचा मोठा बाजार. रोग तिथं पोचला असता तर सगळ्या जिल्ह्यात नांगराला जनावर उरलं नसतं. म्हणून सरकारनं हुकूम काढला, की शहापूर आणि मुरबाड मिळून साथीसाठी एक खास अंमलदार नेमावा. त्यानं गोठा, खळं, घर, जिथं जनावर असल्याचा संशय येईल तिथं मालकाला न विचारता शिरावं, आजारी जनावर वेगळं काढावं. मागून ढोर-डॉक्टर येऊन निरोगी गुरांना टोचणी करतील.

आमच्या मामलेदार रावसाहेबांनी कचेरीत हुकूम वाचला आणि सगळ्या कारकुनांवरून नजर फिरवली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझी तेवढी वर होती, कारण मी आढ्यावरची पाल बघत होतो.

"शाबास, कमळाकर," रावसाहेब म्हणाले. "पुढं येणारा निघाला एकजण."

अशी माझी नेमणूक झाली. माणसातला गुण वरिष्ठांना बरोबर दिसतो, एवढंच मी म्हणेन.

त्याच दिवशी मी आमच्या धाकलू शिपायाकरवी मुरबाडात दवंडी पिटवली. मजकूर माझा. "ज्यानं आजारी जनावराला हात लावला त्यानं निरोगी जनावराच्या गोठ्यात पाऊल टाकायचं नाही! मग तो कुणीही असो!" यातलं पहिलं वाक्य ढोर-डॉक्टरांचं होतं. "मग तो कुणीही असो" हे मी पदरचं घातलं. त्याशिवाय दवंडीला वजन येत नव्हतं. धाकलूला मी आमच्या दारावरून मुद्दाम पुन्हा पुन्हा फिरवला. घरातल्या माणसांना आपली किंमत कळायला हवी.

घरातलं माणूस म्हणजे भागीरथी, माझी बायको. ती गोठ्यात पवळीला चारा घालत होती. पवळी म्हणजे तिची गाय. आमची म्हणायची सोय नाही, तिची. सासऱ्यांनी लग्नात कालवड दिली होती, शहापूरच्या अंगाला शेणवे गावाच्या अलीकडं असलेल्या त्यांच्या वाडीवरून. नंतर सासरे गेले. मागल्या वेताला पवळीचं वासरू मेलेलं निघालं, तेव्हा भागीरथी दिवसभर जेवली नव्हती. आता पवळी पुन्हा गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि भागीरथीचा जीव त्या गोठ्यात टांगलेला होता.

मी कागद काढून मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे तुमी कुनाच्या पन घरात घुसनार?"

"घुसणार नाही. प्रवेश करणार."

"आनि उद्या पयलं कुठं?"

"तुझ्या माहेरी. तिथंच जास्त लागण आहे."

तिचा हात थांबला. "माज्या भावाच्या दारात जाल तर विचारून आत जा हां. तो मानी हाय."

मी हसलो. विचारून आत जायचं तर सरकारनं मला कागद कशाला दिला असता?

दुसऱ्या दिवशी कोट, टोपी, खिशात कागद अशा थाटात मी बैलगाडीनं वाडीवर पोचलो. धाकलूला म्हटलं, "ढोलकं वाजव." त्यानं वाजवलं. कुत्री तेवढी बाहेर आली. मी सरळ पहिल्या घराच्या मागच्या अंगाला गेलो आणि गोठ्याचं फाटक ढकलून आत शिरलो. काय सांगू, छाती अशी रुंद झाली होती, की फाटकात अडकते की काय असं वाटलं. आत एक बैल मलूल बसला होता. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसा मी त्याचा जबडा उघडला, आत बघितलं, हिरड्यांवर फोड होते. बुळकांडीच. मी कोटालाच हात पुसले. तेवढ्यात घराच्या आतल्या दारातून बाईचा आवाज आला.

"अगो बाय! जावई गोठ्यातनं आले!"

ते घर माझ्या मेहुण्याचं होतं. सावळाराम, गावचा पाटील, आणि ओरडली ती त्याची बायको सकुबाई. गोठ्यावरून घर ओळखायची सवय मला नव्हती. सासुरवाडीला मी नेहमी पुढच्या दारानं गेलेला.

"वैनी, मी जावई म्हणून आलेलो नाही. मी सरकारी अंमलदार आहे."

"ते असाल. पन शेनातनं जावई घरात आला तर गाव तोंडात शेन घालल आमच्या. भाईर जा, भावजी. पुढल्या दारानं या."

"मला कुठल्याही दारानं यायचा अधिकार आहे!"

"म्हनूनच म्हनते, पुढल्या दारानं या."

तोवर सावळाराम आला. चार बाप्ये आले. माझा कोट धरून नव्हे, पण आजूबाजूनं अदबीनं चालत त्यांनी मला गोठ्याबाहेर काढलं, घराला वळसा घालून पुढं आणलं, दाराशी पाटावर उभं केलं. सकुबाईनं कढत पाणी पायांवर घातलं, कुंकू लावलं, आणि मग म्हणाली, "आता या." सरकारी अंमलदाराला आत शिरल्यावर परत बाहेर काढून पुन्हा आत घेतल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

मग जेवण. जावयाला कोंबडी कापल्याशिवाय सोडतात होय? मी म्हणत होतो, "आधी तपासणी." सकुबाई म्हणत होती, "आधी भाकरी." तांदळाची भाकरी, ती पण ताटात संपायच्या आत दुसरी. मी नको म्हणालो की ती म्हणायची, "वन्सं इच्चारतील, माज्या मानसाला उपाशी धाडलं का." एकदा वाटलं, की मागल्या बाजूनं घंटांचा आवाज येतोय. सावळाराम म्हणाला, "देवळात भजन हाय." दुपारच्या वेळी भजन? पण तोंडात घास होता.

हात धुऊन बाहेर आलो तर वाडीतला एकूण एक गोठा रिकामा. मेहुण्याचा आजारी बैल सोडला तर एक शेपूट दिसत नव्हतं.

"गुरं कुठायत?" मी गरजलो.

"कुठली गुरं?" सावळाराम म्हणाला.

"मग हे शेण कुणाचं?"

"जुनं हाय ते."

"जुनं? वाफ येतेय त्यातून!"

"थंडीचे दिस हायत, भावजी. समद्यातनंच वाफ येते."

शेवटी तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात खरं ते बोलला. "भावजी, लोक भेलेत. कुनी सांगलाय, सरकार आजारी ढोराला गोळी घालतं, आनि टोचलेलं ढोर नांगर वढत नाय. रानात नेली गुरं. ती काय तुमच्या कागदाला बघून खाली यायची नायत."

मी पुष्कळ समजावलं. रोग रानातही जातो म्हणालो, टोचलं तर वाचतील म्हणालो. ते मान हलवायचे आणि जागचे हलायचे नाहीत. माझ्या अधिकारात कुठंही शिरायचं होतं. पण रिकाम्या गोठ्यात शिरून मी काय करणार?

रागानं परत निघालो. वाडीच्या शिवेवर आंब्याखाली एक टोपली दिसली. तिच्यात हिरवी चोळी, काकणं, लिंबं, शिजवलेला भात आणि आजारी गुरांच्या शेपटीचे कापलेले केस. शेजारी पायाला सुतळी बांधलेली एक काळी कोंबडी. मरीआईची टोपली ती. गावात रोगराई आली की लोक मरीला असं सजवून शिवेबाहेर ठेवतात, म्हणजे ती पुढं जाते. मला काय हे माहीत नव्हतं? मी मुरबाडात वाढलोय. पण त्या क्षणी मला मरी दिसलीच नाही. मला दिसले आजारी गुरांचे केस. संसर्ग! सगळा दिवस हात हलवत परत जाणाऱ्या माणसाला शेवटी काहीतरी सापडलं होतं.

"जप्त!" मी म्हणालो.

सावळारामचा चेहरा असा झाला, की मला वाटलं तो घाबरला. "भावजी, ही तुमी नेनार?"

"नेणार."

"सोताच्या हातानं?"

"स्वतःच्या हातानं."

"मागं नाय ना परतवनार? आमी दिली असं नाय हां."

"देण्याघेण्याचा प्रश्नच नाही. हा अधिकार आहे," मी म्हणालो, आणि टोपली उचलून गाडीत ठेवली. कोंबडीही ठेवली.

आणि मग काय झालं! झाडांमागून, बांधांमागून सगळी वाडी बाहेर आली. ढोल आला, सनई आली. बायका ओवाळायला लागल्या. म्हाताऱ्याकोताऱ्या वाकून पाया पडल्या. सकाळी कुत्र्यांशिवाय कुणी विचारलं नव्हतं, आणि आता वाजतगाजत सगळा गाव मला पोचवायला निघाला! मी गाडीत उभा राहून हात जोडले. म्हटलं, हा असतो सरकारचा वचक. आईशपथ, डोळे भरून आले माझे.

काळू नदीच्या पात्राशी ते लोक थांबले आणि मागं फिरले. गाडी पाण्यातून पलीकडे गेली. धाकलू वाडीपासून गाडीत बसलाच नव्हता, बैलांच्या पुढं लांब चालत होता.

"काय रे धाकलू, बघितलास मान?"

"बगितला, भाऊसाहेब."

"बायका पाया पडत होत्या."

"त्या तुमच्या नाय पडल्या," धाकलू मागं न बघता म्हणाला. "टोपलीच्या पडल्या. जो मरीला आपखुशीनं उचलतो ना, त्याच्या मागं ती जाते. त्यांनी किती दिस ठेवली व्हती ती शिवेवर, कोन उचलीत नव्हता. तुमी उचललीत."

मी टोपलीकडं बघितलं. कोंबडीनं माझ्याकडं बघितलं.

बातमी गाडीच्या आधी मुरबाडात पोचली होती. कशी ते विचारू नका, मुरबाडात बातमीला बैल लागत नाहीत. पेठेतल्या दुकानांना भराभर फळ्या लागल्या. लोक आपापली गुरं आत ओढत होते. कचेरीच्या पायरीवर रावसाहेब स्वतः उभे होते. त्यांची घोडी मागं तबेल्यात बांधलेली असायची.

"तिथंच थांबा, कमळाकर."

"रावसाहेब, मुद्देमाल आणलाय."

"तो घरी न्या."

"घरी?"

"तुम्हाला कुठंही शिरायचा अधिकार आहे ना? मग कुठंही शिरा. इथं नको."

टोपली मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून गावाबाहेर जाळली. चोळीसकट, केसांसकट. पण कोंबडीला जाळा असं काही त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि मुरबाडात तिच्या सुतळीलाही हात लावायला कुणी तयार नव्हतं. म्हणून ती आणि मी घरी आलो.

कचेरीत नाही तर नाही, म्हटलं, घरी तरी आपला दरारा आहे. आणि पवळीची तपासणी कर्तव्यच होतं. अंमलदाराचाच गोठा तपासला नाही असं कुणी म्हणायला नको. मी सरळ गोठ्याच्या दारी गेलो. दारात भागीरथी उभी होती. हातात चारा ओढायचा आकडा. मागं पेठेतली निम्मी माणसं तमाशाला जमलेली.

"बाजूला हो. तपासणी आहे."

"आज कुनाच्या बैलाला हात लावलात?"

"तुझ्याच भावाच्या. जबडा उघडून बघितला."

"आजारी व्हता?"

"हो. मीच ओळखलं," मी जरा मान ताठ करून म्हणालो.

"मंग दवंडीत काय व्हतं? ज्यानं आजारी जनावराला हात लावला त्यानं निरोगी गोठ्यात पाऊल टाकायचं नाय."

"ते लोकांसाठी! मी अंमलदार आहे!"

"मग तो कुनीही असो," भागीरथी म्हणाली. "दारावरनं पुन्ना पुन्ना ओरडून गेला धाकलू. माजं पाठ झालंय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. माझा पारा चढला. मी कागद काढून तिच्यापुढं धरला. ती कागदाकडं बघेना. माझ्याकडंच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अवो, तुमी समद्या तालुक्यात घुसा. माज्या बानं दिलेली एवढी एक गाय हाय. मागलं वासरू मी ह्या हातांनी पुरलंय. ह्या खेपेला मला ते जितं बगायचंय. तुमच्या कोटाला रोग हाय. नका येऊ आत."

मी एक पाऊल टाकलं होतं, ते तिथंच राहिलं. आत पवळी जड अंगानं उभी होती आणि माझा आवाज ओळखून कान हलवत होती. मी पाऊल मागं घेतलं. लोकांना सांगितलं, की पाहणी बाहेरून पूर्ण झाली आहे.

त्या दिवसापासून माझा मुक्काम बाहेरच्या पडवीत. वासरू होईपर्यंत घरात यायचं नाही, गोठ्याकडं तर नाहीच. कोट तिनं चुलीत घातला. सरकारी कोट! जेवण पत्रावळीवर, लांबून काठीनं सरकवलेलं. सोबतीला कोंबडी. ती रोज अंडं घालायची आणि मरीच्या कोंबडीचं अंडं मुरबाडात कुणी खायला तयार नव्हतं. मी खाल्लं. चांगलं होतं.

आता खरी गंमत ऐका. मी असा पडवीत बसलो असताना वाडीवर काय झालं असेल? गुरं रानातून खाली आली! मरी सरकारनं नेली, भावजींनी सोताच्या हातानं उचलून नेली, असं सगळीकडं झालं. "जो मानूस आपली मरी सोताच्या घरी नेतो, तो आपल्या ढोरांना गोळी घालील का?" असं सावळारामनं सगळ्यांना विचारलं म्हणे. डॉक्टर गेले तेव्हा गुरं रांगेनं उभी होती. टोचणी झाली. शेजारच्या वाड्यांनीही गुरं आणली. रोग पुढं सरकला नाही. म्हशाचा बाजार भरला.

ज्या गावाला कागद दाखवून एक शेपूट बघायला मिळालं नाही, त्या गावानं टोपलीसाठी सगळी गुरं दिली. हे मी कसं केलं म्हणून पुण्याच्या मोठ्या साहेबांनी रावसाहेबांना विचारलं. रावसाहेब म्हणाले, "त्याची स्वतःची पद्धत आहे."

साहेब ती पद्धत बघायला मुरबाडला आले! थेट माझ्या घरी. नवा कोट घालून मी पडवीत उभा. साहेब म्हणाले, "आधी अंमलदाराचा गोठा बघू," आणि निघाले तरातरा. त्यांनाही विचारायची गरज नव्हती, माझ्यापेक्षा वरचा कागद त्यांच्याकडं होता. गोठ्याच्या दारात भागीरथी. समोर फिनेलच्या पाण्याची बादली.

"बूट काढा," ती म्हणाली. "पाय बुडवा. मंग आत."

मी डोळे मिटले. म्हटलं, गेली नोकरी. डोळे उघडले तर साहेब एका पायावर उभे राहून बूट ओढत होते आणि रावसाहेब त्यांना आधार देत होते. दोघांनी पाय बुडवले. साहेब म्हणाले, "इतकी कडक व्यवस्था मी सरकारी दवाखान्यातही बघितली नाही. बाई, हा नियम कुणी घालून दिला?"

भागीरथीनं माझ्याकडं बघितलं. क्षणभर वाटलं, आता सगळं सांगते. कोट, दवंडी, टोपली.

"ह्यांनी," ती म्हणाली.

खरं सांगतो, त्या एका शब्दानं मला जे वाटलं ते साहेबांच्या शाबासकीनंही वाटलं नाही. शाबासकी मिळाली, लेखी मिळाली, पण ती नंतर. साहेब आत गेले, रावसाहेब आत गेले. मीही ताठ मानेनं बूट काढले, पाय बुडवले आणि त्यांच्या मागं निघालो.

आकडा आडवा आला. "तुमी कुठं? वासरू होऊ द्या."

साहेब आत, मी बाहेर. आतून साहेब माझी तारीफ करत होते, ती मी कुडाच्या फटीतून ऐकली.

चार दिवसांनी सकाळी गोठ्यातून तिनं हाक मारली, "अवो, या आता!" आवाजावरूनच कळलं. मी धावलो. ओलं, लटपटतं, पांढऱ्या कपाळाचं वासरू पवळीच्या पोटाखाली तोंड खुपसत होतं, आणि भागीरथी हसत होती, रडत होती. मी उंबऱ्यावर थांबलो. आत शिरायचं विसरलो, असं नाही. तिनं बादलीकडं बोट दाखवलं होतं.

तो अधिकाराचा कागद अजून आहे. तुम्हाला दाखवलाही असता. पण तो आतल्या खोलीतल्या ट्रंकेत आहे, किल्ली भागीरथीच्या कमरेला आहे, आणि ती गोठ्यात आहे. जरा थांबा, विचारून येतो.